थंडर बे, उणे सत्तावीस

मास्कचा पट्टा अजून वाइनोच्या डोक्याच्या मापाचा.
आइला दोन भोकं आत घेते,
तरी मान हलली की काच नाकावर उतरते.

बर्फ फेकायच्या यंत्राचा कान तुटलाय.
दुकानदार म्हणाला, नवंच घ्या.
ती काही बोलली नाही, वेल्डिंगच्या सळया घेऊन आली.

पहिल्यांदा सळईच चिकटली.
दुसऱ्यांदा पत्र्याला भोक.
तिसरा टाका कोंबडीने उकिरडा उकरावा तसा,
पण धरला.

आता बोल्ट.
फळीवर जॅमच्या बरण्या, त्याच्या तिरक्या अक्षरात:
पाव इंची. जुन्या होडीचे.
आणि कोपऱ्यातल्या बरणीवर: कशाचे, आठवत नाही.

त्यातलाच एक
आटे न अडखळता आत गेला.

दार वर सरकलं.
शेजारच्या कोइव्हिस्तोंकडेही गुडघाभर साचलेलं.
तिने दोरी ओढली.
पुन्हा ओढली.