गढुळण्याचं तापमान

मे महिना. अमळनेर. खोलीत चव्वेचाळीस.
पंख्याची हवा तव्यावरून उठल्यासारखी.
परीक्षानळीत माझी साखळी मात्र निवांत:
लांबच लांब रेणू, अंगभर ऋण भार,
कडी कडीला म्हणते, सरक, सरक तिकडे,
आणि तेवढ्यानेच पाण्यात ऐसपैस पसरलेली.
शुद्ध पाण्यात ती अठ्ठावन्नपर्यंत नितळ राहते
असं माझ्या वहीत तीनदा लिहिलंय.

त्या दिवशी राहिली नाही.
दहाला नळ्या रॅकवर ठेवल्या,
अकराला सगळ्या ताकासारख्या.

सकाळपासून लाईट नव्हती, ऊर्ध्वपातन बंद,
उखर्डूने बाटली बोअरवर भरून आणलेली.
मी बोलले. बरंच बोलले.
तो अंगठ्याने फरशीची चीर उकरत म्हणाला,
"पानी ते पानीच शे ना, ताई?"

नाही.
पण रागात सांगता येत नाही
की क्षार मधे येऊन उभे राहतात,
आणि कडीने कडीला घातलेली शिवी
बाजाराच्या गलक्यात हरवावी तशी हरवते.
उष्मा आधीच तिच्या अंगावरून पाण्याला उठवत असतो.
मग ती पाण्याचा हात सोडते, अंग चोरते,
गोळा होते,
आणि उजेड तिच्यावर आपटून पांढरा पडतो.

सोमवारी तो सात बाटल्या घेऊन आला.
मारवड. पातोंडा. डांगरी. बोरीच्या पात्रातला झिरा.
लेबलं मुलीच्या अक्षरात, एकावर फुलपाखराचं स्टिकर.
"देखा बरं, कोनतं पानी कवय नासस."

एकेक अंश चढवत गेलो.
तापीचं, चोपड्याच्या मेव्हण्याने पाठवलेलं: एक्कावन्न.
पातोंडा सेहेचाळीस.
मारवड एकोणचाळीस, आणि उखर्डूने मान हलवली,
जणू तिथल्या कुणाची जुनी तक्रार खरी निघाली.
सल्फेट घाई करतं, क्लोराइड जरा थांबतं,
कॅल्शियम दोन हातांनी दोन कड्या धरून ओढतं,
हे मी सांगत होते,
तो थर्मामीटरचा पारा बघत होता.

सातव्या बाटलीला लेबल नव्हतं.
तिची नळी माठात बुडवून सुरुवात करावी लागली.
एकतीसलाच पांढरी.
"कुठलं हे?"
"घरनं."
मग बऱ्याच वेळाने,
"माय सांगे, ह्या पानीमा दाय शिजस नही."

मी तापमान लिहिलं.
गावाचा रकाना तसाच राहिला.
उखर्डूने नळी पुन्हा माठात धरली,
दोन बोटांत हळूहळू फिरवत,
आणि ती निवळत गेली, आधी कडेने,
मग पलीकडचं त्याचं नख दिसायला लागलं,
मग नखातली काळी रेघ.