बुटाचा फोटो

कुताईसीत, रिओनीच्या पुलावरून खाली उतरणाऱ्या रस्त्यावर
माझं दुकान. आधी घड्याळवाल्याचं होतं;
त्याची भिंगं अजून खिळ्याला लटकतात.

नाझिब्रोला आल्या तेव्हा बर्फ वितळत होतं,
पायपुसण्याचा नुसता राडा.
रुमालाची गाठ सोडून त्यांनी नखाएवढं कार्ड काढलं.
म्हणाल्या, "ह्यात माझा भाऊ आहे.
उघडत नाही."

एकशे बारा फाइली.
प्रत्येकीचं वजन शाबूत, चार एमबी, साडेचार,
आणि चित्राच्या जागी तेच ते कोरं पान
दुमडल्या कोपऱ्याचं.
क्लिक केलं की संगणक अगदी सभ्यपणे हात वर करतो:
हे स्वरूप माझ्या ओळखीचं नाही.

भाच्याने आधीच उद्योग करून ठेवलेला:
सगळ्यांच्या नावामागची तीन अक्षरं बदललेली.
नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा.
मी नावं पूर्ववत केली. दुसरा प्रोग्राम लावला. तिसरा.
(त्याआधी कार्डाची जशीच्या तशी नक्कल, अर्थात.
मूळ वस्तूवर हत्यार चालवायचं नाही,
हे घड्याळवाल्याकडूनच ऐकलेलं.)
काही नाही. ढिम्म.

मग फाइल आतून उघडली,
जिथे फोटो म्हणजे नुसत्या आकड्यांच्या रांगा.
प्रत्येक रांगेची सुरुवात ठरलेली, एफएफ, डी-आठ,
उंबऱ्याशी कोणी खाकरावं तशी.
इथे शून्य.
शून्य शून्य शून्य, पडदाभर शून्य,
खाली सरकवत गेलो तरी शून्य,
आणि मग एकाएकी गजबज.

म्हणजे घर भरलेलं होतं.
खोल्या किती, जिना कुठे, खिडक्या केवढ्या
हे सांगणारा दारातला माणूस तेवढा नाहीसा.

मी म्हणालो, "एक धड फोटो लागेल.
ह्याच कॅमेऱ्याचा, ह्याच मापाचा. कसलाही चालेल."

बराच वेळ त्या भिंगांकडे बघत राहिल्या.
"एक आहे लॅपटॉपवर. पण तो काही फोटो नाही."

एक बूट. तोही अर्धा.
चुकून कळ दाबली गेलेली, बाकी सगळी खडी.
कितीदा पुसायला घेतला होता, म्हणाल्या,
मशीन विचारायचं, नक्की ना?
आणि नेमकं कोणीतरी दार वाजवायचं.

त्या बुटाचं डोकं मी कापलं,
पहिल्या फाइलीच्या शून्यांवर बसवलं.
आकाश उघडलं. मग एक तार.
मग एक पुली, तिच्यावर खडूने लिहिलेला सात.

ओतिया च्यातुरात रोपवेवर मिस्त्री होता.
त्याने पुल्या टिपल्या होत्या,
गंजलेले नट, झिजलेल्या तारांचे पीळ,
बंद पडलेल्या डब्याची कडी, चार बाजूंनी.
काहींचं आकाश हिरवं आलं,
काहींचा खालचा भाग राखाडी,
जणू रंगारी जेवायला गेला तो गेलाच.
तीन फाइली शेवटपर्यंत बधल्या नाहीत.

एकशे नऊ फोटो त्यांनी एकेक करून पाहिले,
चष्मा कपाळावर, नाक पडद्याला टेकवून.
"पण तो कुठे आहे?"

काय सांगणार.
प्रत्येक फोटोत तो होता, कॅमेऱ्याच्या अलीकडे.

बाहेर कोणाची तरी गाडी चिखलात रुतून घुरघुरत होती.
त्यांनी चष्मा खाली ओढला.
"तो बूट दाखवा परत."

मी मोठा केला.
लेस सुटलेली, टाचेकडे शिवण उसवून
हिरव्या दोऱ्याने पुन्हा घातलेली.
"हा दोरा माझा," म्हणाल्या.
"तपकिरी संपला होता."

पुल्यांचे फोटो त्यांनी रोपवेच्या लोकांना द्यायला सांगितले,
त्यांच्या उपयोगाचे असतील.
बुटाचा मात्र कागदावर काढून हवा होता.

मी विचारलं, "केवढा काढू?"

"त्रेचाळीस नंबरचा," त्या म्हणाल्या.