नावाची पट्टी

थंडर बे. नोव्हेंबर. सरोवराच्या कडेला
बर्फ अजून धरलेला नाही, धरू की नको करतोय.
रिंकमधला मात्र ऑगस्टपासून तयार.
मी इथे नावं शिवते. बावीस वर्षं.
जर्सीच्या पाठीवर, खांद्यापासून खांद्यापर्यंत,
दुहेरी दोरा, आखूड टाका.
उसवतेही. उसवायचे वेगळे पैसे मिळत नाहीत.

यंदा गोलरक्षक तीन.
जाळीत एक उभा राहतो, बाकावर एक बसतो,
तिसऱ्याचं काय करायचं ते
वरच्या मजल्यावर पांढऱ्या फळ्यावर
चुंबक सरकवून ठरवतात.

बुशार छत्तीसचा. डावी कंबर कुरकुरते,
सामन्याआधी अर्धा तास बॉयलरच्या खोलीत
पाय फाकून बसतो, कुणाशी बोलत नाही.
स्टॅव्हली मधला. बरा आहे.
त्याच्याबद्दल कुणी वाईट बोलत नाही,
खरं तर कुणी बोलतच नाही.
आणि राइविस, लाटव्हियाचा, एकोणीस वर्षांचा,
जेवतानाही डावा पंजा उघडा ठेवून बसणारा,
जणू मीठदाणी कुणीतरी फेकणारच आहे.

शनिवारी तो खेळला. एक्केचाळीस फटके अडवले,
शेवटचा तर पाठमोरा पडून, पॅडच्या टाचेने.
लोक उभे राहिले. बेकरीवाली मर्याता रडली,
तिला हॉकीतलं काही कळत नाही.

रविवारी सकाळी मॅनेजर हॅलोरन खाली आला.
राइविसची पट्टी काढ, म्हणाला.
मी विचारलं नव्हतं, तरी सांगत बसला,
अपराधी माणूस सांगतो तसं, गरजेपेक्षा जास्त:
बुशारला खाली पाठवायचं तर नियमाने
आधी सगळ्या संघांपुढे मांडावं लागतं,
कुणीही फुकट उचलून नेईल. स्टॅव्हलीचंही तेच.
पोराला मात्र अजून तीन वर्षं
कुणी हात लावू शकत नाही.
म्हणजे जो जाऊ शकतो तो राहणार,
आणि जो कुठेच जाऊ शकत नाही
त्याला पाठवायचं.
"शिवाय," जिन्यावरून वळून म्हणाला, "मुरू दे जरा."

मुरू दे.
आई हेरिंग मुरवायची, फिनलंडहून आणलेल्या बरणीत,
व्हिनेगर, कांदा, मिरी. तळघरात, अंधारात.
झाकणाला हात लावू द्यायची नाही,
पण रोज रात्री स्वतः खाली उतरून
बरणी दिव्यापुढे धरून बघायची.
मुरवणं आणि विसरणं यात तेवढाच फरक.
कापुस्कासिंगला कोण उतरून बघणार?
बसने आठ तास. गोलरक्षकांचा प्रशिक्षक
तिथे महिन्यातून दोनदा येतो,
बाकीचे दिवस प्लंबिंगची कामं करतो.

माझ्या खणात पट्ट्या आहेत मुरायला गेलेल्यांच्या.
पेल्की. झाबोल्स्की. दोन ट्रेम्ब्ले, भाऊ नव्हते.
एकाचं आता टायरचं दुकान आहे,
चांगलं चालतं, मला सवलत देतो.

दुपारी बुशार आला, स्केटला धार लावायला.
"कुणाची काढतेस, हिल्का?"
मी पट्टी वर धरली.
तो बराच वेळ उभा राहिला. मग म्हणाला,
"काल बाकावर बसून मी देवाकडे मागत होतो,
शेवटचा पक आत जाऊ दे."
थोड्या वेळाने म्हणाला, "आपल्याच जाळीत."
मी दोरा कापत राहिले.
यावर काय बोलतात मला माहीत नाही.

पोराचं सामान बसपर्यंत त्यानेच नेलं,
दोन्ही पॅड, मोठी बॅग, मुखवटासुद्धा,
दर चार पावलांनी कंबर धरत.
पोरगा मागे रिकाम्या हातांनी,
डावा पंजा उघडाच.

उसवून झालं. निळ्या कापडावर
टाक्यांची भोकं उरली, दोन बारीक ओळी,
खिडकीपाशी धरली की उजेड येतो त्यांतून.
इस्त्री फिरवली की बुजतात.
संध्याकाळी हॅलोरनने वरून ओरडून विचारलं,
इस्त्री केलीस का?

बिघडलीय, मी सांगितलं.