गोडं पाणी

बसऱ्यात नदीपलीकडे, तन्नूमात,
बद्रियाखालाकडे वर्षातून दोनदा जातो आम्ही.
एकदा धुळीचे दिवस सरले की,
एकदा दमट शर्की सुटायच्या आधी.
रअद उस्ताद शिडीवर, मी खाली.
शिडी धरणं हा माझा हुद्दा.

"मेन स्विच बंद कर. मेन स्विच बंद कर."
हे वाक्य एकदा राहून गेलं होतं,
त्याची डाव्या हाताची दोन बोटं तेव्हापासून आखडलेली,
म्हणून तो ते दोनदा म्हणतो.

झाकण निघालं, जाळ्या निघाल्या.
वाळवंट इतकं बारीक दळलेलं
की पिठाच्या गिरणीनं लाजावं.
नखानं उचकटलं तर अख्खा थर आला हातात,
गोधडीच्या तुकड्यासारखा,
ऊदाचा वास, तळलेल्या माशाचा वास
आणि मांजराचे केस,
जे मांजर आपण पाळलेलंच नाही असं खाला सांगते.

जाळी नळाखाली धरली तशी ओरडली,
"त्या पाण्यानं नको! वाळलं की पांढरं पडतं सगळं."
खरंच आहे. आमचा नळ मचूळ.
साबणाला फेस येत नाही,
गच्चीवरच्या युनिटच्या पात्या
बिस्किटासारख्या झाल्यात कुरकुरीत,
ब्रश लावला की भुगा.
तिनं आतून झाकलेली बादली आणली,
तांब्याभर पाणी मोजून ओतलं.
मी धुतलं. फेस आला.
मला तेव्हाच विचारायला हवं होतं.

मग खरी तक्रार:
नळी तुंबलीय, शेजारच्या जब्बारची भिंत ओली,
तो तीनदा येऊन गेला, तिसऱ्यांदा मुलाला घेऊन.
उस्तादनं नळीला तोंड लावून फुंकर मारली,
पलीकडून गिळगिळीत हिरवं काहीतरी
माझ्या चपलेवर पडलं.
"झालं. आता ही गटारात सोडतो."

"गटारात?"
खालानं शिडीच धरली, माझ्या हातांवर हात ठेवून.
"खाली उतर रअद. आधी बघ."

मागच्या अंगणात तेलाचे सहा डबे.
सहांत लिंबाची रोपं,
पानं अशी की कुणी रोज पुसतंय.
अबुल खसीबला तिच्या बापाची बाग होती,
समुद्र नदीतून वर चढत आला
आणि एकेक झाड टोकाकडून जळत गेलं,
एवढंच बोलली, पुढचं हातानंच झटकलं.
भिंतीवर पेन्सिलीनं हिशेब:
कोरडा वारा, रात्रीत दीड तांब्या.
शर्की, बादली आणि वर थोडं.
लाइट नव्हती, शून्य.
लाइट नव्हती, शून्य.
लाइट नव्हती.
(जनरेटरवाला पाच अँपिअर देतो,
त्यात पंखा फिरतो, एसी नाही.)

सगळं गाव शर्कीला शिव्या घालतं.
अंगाला कपडा चिकटतो, श्वास घेववत नाही.
ही बाई त्या वाऱ्यात दारात उभी राहून
नाक वर करून हुंगते म्हणे.
तो वारा एसीत शिरतो, गारठतो,
आणि मीठ मागे ठेवून गळतो.

उस्ताद बराच वेळ काही बोलला नाही.
मग दीड मीटर नवी नळी कापली,
भिंतीला चार क्लिपा ठोकल्या,
जब्बारच्या बाजूनं वळवून
पहिल्या डब्यापर्यंत उतार दिला.
"पाणी उताराकडे जातं,
एवढंच शिक्षण आहे माझं," म्हणाला.
एकदाच म्हणाला.

स्विच चालू. आम्ही तिघं डब्याभोवती,
बाळंतिणीच्या खोलीबाहेर बसावं तसे.
एकोणीस मिनिटांनी पहिला थेंब.
चहा आला. मी पेला नाकाशी नेला,
"खाला, हा चहा कुठल्या पाण्याचा?"
"बाटलीतल्या! डोकं फिरलंय का?
ते पाणी झाडांचं आहे."

नळीचे पैसे उस्तादनं लावले नाहीत.
मला तिनं एक लिंबू दिलं,
अंगठ्याएवढं, कच्चं, टणक.
पिशवीत स्क्रूंच्या डबीजवळ ठेवलं नि विसरलो.

चार दिवसांनी आई विचारत होती,
तुझ्या पान्यांना वास कसला येतोय.