शुद्धिपत्र

तिसरा खंड दुरुस्तीला आला तेव्हा
कणा सुटलेला, आणि वाळवीचा बोगदा
पान एकशे ऐंशीपासून थेट पोर्तुगीजांपर्यंत.
मी पुस्तकं बांधते. वाचत नाही, असं लोकांना सांगते.
फोर्टातला पोटमाळा, शेगडीवर खळीचा टोप,
खळीत चिमूटभर मोरचूद,
समोर एडविन हॉलबेक, संपादक आणि इतिहासकार,
पातळ कागदाखाली झाकलेली कोरीव दाढी.

सकाळी अग्रलेख, दुपारी झोप,
संध्याकाळी माझगावच्या भाड्याच्या बंगल्यात
या बेटांचा इतिहास:
कोणी कोणाला आंदण दिली,
कोणता गव्हर्नर कोणत्या तापाने गेला.
आमच्या लोकांबद्दल जे लिहिलंय
ते चिकटवताना मी मोठ्याने म्हणत नाही.
'आळशी' हा शब्द एका प्रकरणात अकरा वेळा.
मोजला. हात गुंतले की डोळ्यांना उद्योग लागतो.

पण प्लेगच्या साली
कमिटीने धाडलेले आकडे त्याने छापले नाहीत.
स्वतः निघाला. लाकडांच्या वखारींत शिरून विचारलं,
रोज किती खंडी खपतात,
आणि लाकडांवरून माणसं मोजली.
आठ दिवसांत खुर्ची गेली.
त्याच पावसाळ्यात बायको.
अर्पणपत्रिकेत तिचं नाव आहे, आजाराचं नाही.

मग उरला तो इतिहास.

आणि पान दोनशे बारा.
उमरखाडीत खरोखर खाडी होती का
याला कागद नाही, असं साहेब लिहितो;
मात्र धाकू चुरी सांगतो
की आज तुरुंगाची भिंत आहे
तिथे त्याचा आजा होडी बांधत असे.

त्या एका ओळीत शब्द दाटीने उभे,
जणू बाकावर कोणी उशिरा येऊन
'सरका जरा' म्हणालं.

कोण धाकू चुरी?
सूचीत नाही. प्रस्तावनेत चौदा साहेबांचे आभार,
एका कुत्र्याचेही. त्यात नाही.
मागच्या पुठ्ठ्याच्या आत
बोटभर चिठ्ठी चिकटलेली, वाफेवर सोडवली:

पान २१२, ओळ ९.
'धाकू चुरी' ऐवजी 'एक नेटिव्ह' असे वाचावे.

गेल्या वर्षी त्याच छापखान्याचं हजेरीबुक
माझ्याच हातून बांधून गेलं होतं.
फोनवर सापळेबाईंनी शोधून वाचून दाखवलं:
चुरी, धा. ल. जुळारी. पगार बारा रुपये.
दंड आठ आणे, कारण खोडसाळपणा.
पुढे वेगळ्या शाईत 'भरला'.
कोणी भरला, ते नाही.

म्हणजे असं झालं असेल.
शिशाने काळी बोटं धोतराला पुसत
त्याने साहेबाला खाडीची गोष्ट सांगितली असेल.
साहेबाने टिपून घेतली, नाव न विचारता.
मग तो मजकूर खिळ्यांत आला त्याच्याच पुढ्यात.
इंग्रजी त्याला सुलटं फारसं येत नसेल,
उलटं मात्र पक्कं.
आपण कुठे उभे आहोत ते त्याला दिसलं.
दिव्याच्या उजेडात दोन शब्द काढले,
दोन बसवले. दोन अक्षरं जास्त झाली.

आणि ही चिठ्ठी?
तीही त्यालाच जुळवायला दिली असणार.
नाव काढायचं तर ते आधी लिहावं लागतं.
पुन्हा एकदा कप्प्यातून एकेक खिळा उचलून,
यावेळी साहेबाच्या हुकमाने.

हे मी ठरवलंय. कागद नाही.

सापळेबाई म्हणाल्या, चिठ्ठी फाटली असेल तर टाकून द्या,
कोण बघतंय.
हॉलबेकची कबर शिवडीला आहे, असं त्याच म्हणाल्या,
दगडावरची अक्षरं आता हाताने चाचपावी लागतात.
चुरींचं मला माहीत नाही.

खळ गार होत आली होती. मी बिल केलं:
कणा नवा. पानं सहा जोडली.
शुद्धिपत्र एक, जागच्या जागी.
पान २१२ला हात लावलेला नाही.