रुमालाखाली

पायगोंडा, तुझ्या नावातच पाय,
आणि आधी तेच गेले.
तळव्यांना मुंग्या, मग पोटऱ्या, मग मांड्या.
आयर्विन पुलाच्या खांबावर पाणी चढतं
तसं फूट-फूट चढत
दोन रात्रींत गळ्याशी आलं.
तिसऱ्या रात्री डॉक्टरांनी गळ्यालाच भोक पाडलं
आणि तुझा श्वास मशीनच्या नावावर केला.

"उतरेल," म्हणाले, "पण सावकाश."
हे सांगलीकराला काय सांगायचं?
चढायला दोन रात्री पुरतात.
उतरल्यावरचा गाळ
दिवाळीपर्यंत फरशीच्या सांध्यांतून निघत राहतो.

तिसरा मजला, खाट अकरा.
बाजार उठला की चारला मी येतो,
सदऱ्याला हळद तशीच.
इनामदार सिस्टर ओरडते,
"काका, चादर परत पिवळी केलीत!"
तुला भाव सांगतो. राजापुरी इतकी, कणी इतकी,
चौगुल्यांच्या वखारीत कीड लागली,
रावसाहेब तोलार गेला
(हे मी दोन दिवस उशिरा सांगितलं).
तू पापणी मिटतोस.
एकदा म्हणजे हो.
दोनदा म्हणजे पुरे, घरी जा.
दोनदाच जास्त वेळा.

खरं सांगू? कंटाळाही येतो.
बावन्नाव्या दिवशी मी फाटकापर्यंत आलो,
कोपऱ्यावर उभ्या उभ्या भडंग खाल्लं
आणि परत गेलो.
वहिनींना म्हणालो, गाडी पंक्चर होती.

एकसष्टावा दिवस.
चादरीखाली तुझा हात हातात घेतला,
उगाच, सवयीनं.
तीस वर्षं असेच तर उभे होतो
हळदीच्या ढिगाशी, तू अडत्या, मी खरेदीदार,
वर रुमाल, आत दोन हात,
आणि चेहऱ्यावर काही म्हणजे काही नाही.
गंमत म्हणून मी तीन बोटं दाबली.
पंखा फिरत होता.
जिन्यात कुणाचा तरी डबा पडला,
झाकण बराच वेळ गोल फिरत राहिलं.
आणि तुझी करंगळी...
हलली म्हटलं तर जास्त होईल.
पोत्याची सुतळी या टोकाला ओढली
की त्या टोकाला जे कळतं, तेवढंच.
पण करंगळी म्हणजे आपल्यात काय?
आणखी पन्नास!
लेका, गळ्याला भोक, तोंडात शब्द नाही,
आणि घासाघीस करतोस?

पद्मावहिनी विचारत होत्या,
"काय झालं? का रडताय? काही म्हणाले का?"
रुमालाखालचं वर सांगायचं नसतं.

त्यानंतर काही भराभर झालं नाही.
मशीन निघालं, आवाज आला,
घोगरा, दुसऱ्याच कुणाचा तरी.
पहिलं मागितलंस काय, तर गळ्याचं भोक बघायला आरसा.
चमचा तोंडाशी येता येता सांडतो.
परवा शर्टाचं एक बटण
पाऊण तास लावत बसलास, लागलं नाही,
आणि भिंतीकडे तोंड करून झोपलास.
मीही भिंतच बघत बसलो.
पाणी अजून गुडघ्यांशी आहे.
खाली काय उरलंय, काय वाहून गेलंय,
डॉक्टरही सांगत नाहीत.

आज तूच चादर सरकवलीस. हात पुढे केलास.
पाचही बोटं, थरथरती,
पण मोजता येण्यासारखी.
भाव बरा होता. घेतला असता.
"परवडत नाही," म्हणालो मी,
"उद्या चारला बघू."