एकोणीस

खाणीच्या वरच्या अंगाला तो खडक अजून आहे.
पाठीवर एकोणीस भोकं, अंगठ्याहून जाड, वीतभर खोल,
एकातून दुसऱ्याकडे नखाने ओढावी तशी पन्हळ.
अठरांत पाणी साचतं. मेंढ्या पितात.

वेल्सच्या त्या डोंगरात लग्नाचा बार
खरोखरच उडवायचे.

आणि माणसं चॅपलची. दारूला शिवणार नाही
म्हणून सही करून दिलेली.
तरी नेस्टाचं लग्न ठरल्यापासून घरोघर
चहाच्या डब्यांत दारू साठत होती:
काळी, कोरडी, मालकाने पगारातून कापून घेतलेली,
रोजच्या सुरुंगातून चिमूटभर मागे ठेवलेली.
पाद्री हसला नाही. तोही एक पुडी घेऊन आला.

शुक्रवारी रात्री भोकं भरली.
तांब्याच्या कांबीने ठासली, लोखंडाची ठिणगी नको,
वर पाटीचा भुगा, मधोमध हंसाच्या पिसाची नळी.
रिपरिप सुरू झाली तसा इओलोने, नवऱ्या मुलाने,
उद्याचा कोट खडकावर पांघरला.

नेस्टाचा बाप गेथिन चॅपलात गेला नाही.
"तिथे मला काय ऐकू येणार?"
चाळीस वर्षांत खाणीने त्याचे कान
थोडे थोडे करून नेले होते.
तो खडकाच्या शेपटाशी गुडघे टेकून बसला,
दगडावर पंजा पसरून.

खाली दार उघडलं. कुणीतरी रुमाल हलवला.
एक. दोन.
मग पाच-सहा एकदम, ते त्याने बोटांनी सुटे केले.
समोरचा डोंगर प्रत्येकाला उलट उत्तर देत होता,
ते त्याच्यापर्यंत पोचलं नाही.
सतरा.
अठरा.

मग नुसता दगड.

न उडालेल्या बाराजवळ लगेच जायचं नसतं.
गेथिनचा भाऊ गेला होता, पाचव्या मिनिटाला.
खाली केक कापला, हार्मोनियम सुरू झालं,
कुणी वर बघून हाका मारल्या, मारणाऱ्यालाच हसू आलं.
याचा पंजा उचलेना.

तासाभराने नेस्टा चढून आली,
नव्या झग्याच्या काठाला शेवाळ.
बापाशेजारी बसली. बोलून उपयोग नव्हता.
बुटाची टाच उचलली आणि दगडावर
एकदाच, जोरात, आपटली.

"एकोणीस," गेथिन म्हणाला
तिच्या बुटाकडे बघत,
आणि हात कोटाला पुसला.